दोन टास्कबार

माझ्या स्क्रीनच्या तळाशी दोन टास्कबार असतात, एकावर एक. खालचा माझ्या लॅपटॉपचा, त्याच्या वरचा ऑफिसच्या डेस्कटॉपचा, जो लांबच्या यंत्रावर चालतो आणि माझ्याकडे एका खिडकीत दिसतो. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. दोन्हीकडे घड्याळ आहे, दोन्ही वेळ तीच दाखवतात, पण मिनिट बदलताना वरचं घड्याळ किंचित मागून बदलतं. ऑफिसच्या डेस्कटॉपला गडद निळा वॉलपेपर आहे आणि तो बदलायची मुभा नाही. माझ्या स्वतःच्या वॉलपेपरवर काय आहे ते मला आता आठवावं लागतं, कारण दिवसभर त्यावर ऑफिस पसरलेलं असतं.

फुल स्क्रीन केलं की खालचा टास्कबार नाहीसा होतो आणि लॅपटॉप जणू ऑफिसचाच होऊन जातो. बरोबरचे सगळे तसंच करतात, जागाही जास्त मिळते. मी करत नाही. ती खिडकी मी मुद्दाम थोडी लहान ठेवते, चारी कडा दिसतील अशी. एकदा मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना कुणीतरी विचारलं, ‘‘अहो, तुमचं हे असं अर्धवट का दिसतंय?’’ तेव्हा ‘‘सवय आहे’’ म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर एवढ्या थोडक्यात देण्यासारखं नव्हतं.

झालं असं, की ऑफिसने वेगळा लॅपटॉप दिला नाही. दिलं ते एक सॉफ्टवेअर, एक पत्ता, एक पासवर्ड आणि फोनवर येणारा कोड. ते सॉफ्टवेअर आपल्याच लॅपटॉपवर टाकायचं आणि त्यातून कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या आभासी डेस्कटॉपवर जाऊन काम करायचं. दुसरा पर्याय होता तो लॅपटॉपच ऑफिसच्या देखरेखीखाली द्यायचा. म्हणजे कुठलं ॲप चालेल, अपडेट कधी होईल, डिस्कला कुलूप कसलं असेल हे सगळं तिकडून ठरणार, आणि वेळ आलीच तर आतला डेटा लांबून पुसायचा अधिकारही त्यांच्याकडे. त्यापेक्षा हे बरं, असं मी म्हटलं. तेव्हा ते नुसतं सोय पाहून म्हटलं होतं. त्याच्या मागचा विचार मला हळूहळू पटत गेला.

विचार असा: ऑफिसचा माझ्या लॅपटॉपवर भरवसा नाही. त्यावर काय काय टाकलेलं आहे, घरात अजून कोण वापरतं, त्यांना काय माहीत? म्हणून ते मला फाइल देत नाहीत, फक्त फाइलचं चित्र देतात. एक्सेलचा तक्ता माझ्यासमोर उघडा असतो, पण तो माझ्या डिस्कवर कुठेच नसतो. माझ्याकडे येतात ते फक्त रंगाचे ठिपके, आणि माझ्याकडून जातात त्या कळा दाबल्याच्या आणि माउस हलवल्याच्या खबरा. तिकडे माझाही त्यांच्यावर तितकासा भरवसा नाही. माझे फोटो, बँकेची कागदपत्रं, अर्धवट लिहिलेले लेख त्यांच्या नजरेला पडू नयेत असं मला वाटतं. दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही आणि हे दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून मध्ये एक सामायिक भिंत घातली. भांडण नाही, तक्रार नाही. इतका प्रामाणिक करार माझ्या नोकरीत दुसरा नाही.

या ठिपक्यांचा हिशोब एकदा करून पाहण्यासारखा आहे. १९२० बाय १०८० चा साधा पडदा म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला तीन बाइट धरले तर एका चित्राचे ६२ लाख बाइट झाले. सेकंदाला ६० चित्रं पाठवायची म्हटली तर ३७ कोटी बाइट, म्हणजे जवळजवळ तीन गिगाबिट, दर सेकंदाला. एवढं कुणाच्या घरच्या इंटरनेटला झेपणार? म्हणून या सॉफ्टवेअरची सगळी हुशारी काय पाठवायचं नाही हे ओळखण्यात खर्च होते. पडद्याचा जेवढा तुकडा बदलला तेवढाच पाठवायचा. मी नुसती वाचत बसले तर तारेवरून जवळजवळ काहीच जात नाही, लुकलुकणाऱ्या कर्सरचा एक चिमुकला चौकोन तेवढा येत राहतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आरडीपीची (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, म्हणजे लांबचा डेस्कटॉप दाखवायची त्यांची पद्धत) युक्ती अजून वेगळी होती. ठिपक्यांऐवजी ‘इथून तिथे रेघ ओढ’, ‘अमुक अक्षर तमुक जागी ठेव’ अशा सूचनाच पाठवायच्या आणि एकदा आलेली अक्षरं अलीकडच्या बाजूला जपून ठेवायची. त्याच्या क्लायंटच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये नेटच्या वेगांची एक यादी असायची, त्यात ५६ केबीपीएसचा मोडेमही होता. तो निवडला की वॉलपेपर, मेनूची हालचाल, अक्षरांच्या गुळगुळीत कडा असा सगळा साजशृंगार उतरवला जायचा. आता बहुतेक ठिकाणी व्हिडिओसारखं आकुंचन वापरतात. नेट मंद असलं की पान आधी धूसर येतं आणि मग अक्षरं एकेक करून ठसठशीत होतात. चष्मा घरी विसरलेल्या माणसाला कुणीतरी तो आणून द्यावा तसं दिसतं ते.

हात एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये गणितज्ञांची सभा भरली होती. तिथे जॉर्ज स्टिबिट्झ यांनी एका टेलिटाइपवर, म्हणजे तारेने जोडलेल्या टाइपरायटरवर, आकडे टाइप केले. ते तारेने न्यूयॉर्कला गेले, बेल लॅबमधल्या रिलेच्या गणनयंत्राने हिशोब केला आणि उत्तर परत तारेने येऊन छापलं गेलं. म्हणजे आज ज्याला आपण संगणक म्हणतो तो पुरता जन्मालाही आला नव्हता, तेव्हा तो लांबून चालवून झाला होता! डग्लस एंगलबार्ट यांचं ९ डिसेंबर १९६८ चं सॅन फ्रान्सिस्कोमधलं प्रात्यक्षिक माउसमुळे प्रसिद्ध आहे. त्यातही यंत्र सभागृहात नव्हतं, सुमारे ४८ किलोमीटरवर मेन्लो पार्कला होतं. पडद्यावरचं चित्र मायक्रोवेव्हने येत होतं आणि कळफलक-माउसच्या खबरा फोनच्या तारेने जात होत्या. मी रोज सकाळी करते ते हेच. फक्त मला कुणी टाळ्या वाजवत नाही.

यातली गंमत मधल्या काळात आहे. ज्याला आपण पर्सनल कॉम्प्युटर म्हणतो त्याचं सगळं अप्रूप हे होतं, की यंत्र आपल्या टेबलावर आलं. आता कुठल्या मोठ्या यंत्रापुढे रांग लावायला नको, कुणाची परवानगी नको. आणि मग त्याच आपल्या यंत्रावर दुसऱ्याच्या यंत्राकडे बघायची खिडकी बसवायला लोकांनी किती वेळ लावला? फारसा नाही. आयबीएम सोडून आलेल्या एड याकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स ही कंपनी काढली. १९९५ मध्ये त्यांचं विनफ्रेम आलं, एकाच विंडोज सर्व्हरवर अनेकांना आपापला डेस्कटॉप देणारं. मायक्रोसॉफ्टने ते तंत्र परवान्यावर घेऊन १९९८ मध्ये विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. त्याच सुमारास केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेतून व्हीएनसी हे लांबचा पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर बाहेर पडलं. त्याची मांडणी मला या सगळ्यांत सुबक वाटते: अमुक जागी रंगीत ठिपक्यांचा एक चौकोन ठेव. बस, या एकाच क्रियेवर सगळा डोलारा उभा. आज ऑफिसवाले अशा आभासी डेस्कटॉपला ‘व्हीडीआय’ म्हणतात, ‘क्लाउड पीसी’ म्हणतात. नावं बदलली, चौकोन तेच आहेत.

लॅगबद्दल, म्हणजे पडद्यावर सगळं उशिरा उमटण्याबद्दल, सगळेच तक्रार करतात, पण तो नक्की कुठे असतो हे निरखून बघणारे थोडे. माउस हलवला तर बाण लगेच हलतो. तिथे जराही उशीर नसतो, कारण तो बाण माझाच लॅपटॉप काढतो. तिकडून फक्त बाणाचा आकार कळवला जातो, आता बाण, आता हात, आता उभी रेघ. म्हणून होतं काय, की आपण बटणावर पोचलेलो असतो आणि बटण उजळायचं बाकी असतं. खिडकी धरून ओढली की हे स्पष्ट दिसतं. बाण पुढे, खिडकी मागून, दावं लावल्यासारखी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ५,००० किलोमीटरवर असला तर नुसत्या जाऊन-येऊनच ५० मिलिसेकंद गेले, आणि तेसुद्धा तार सरळ रेषेत धरून. चित्र आवळणं, उलगडणं, वाटेतली यंत्रं हे सगळं त्यावर. अशा काचेच्या तारेवर कितीही पैसे ओतले तरी या आकड्याखाली कुणी जाऊ शकत नाही. महिन्याभरात बोटांना याचा अंदाज येतो. मी तर आता टाइप करताना पडद्याकडे बघतच नाही, ओळ संपली की बघते. लॅग जास्त असेल त्या दिवशी माझं लिखाण कमी चुकतं, कारण बॅकस्पेस दाबायचा मोह होत नाही. हे बहुधा फक्त माझंच असेल.

व्हिडिओ कॉलमध्ये लॅगचा उलटा खेळ बघायला मिळतो. तिकडच्या डेस्कटॉपवर कॉल चालू असेल तर चेहऱ्यांचा व्हिडिओ आधी सर्व्हरवर जाऊन मग माझ्याकडे यायचा, असा दुहेरी फेरा होईल. तो टाळायला चेहरे थेट माझ्या लॅपटॉपवर आणतात आणि ऑफिसच्या खिडकीत तेवढ्या जागेवर वरून चिकटवतात. बघताना कळत नाही. पण कॉल चालू असताना ती खिडकी बाजूला सरकवून बघा. चौकट सरकते आणि साहेबांचा चेहरा क्षणभर जुन्याच जागी लटकत राहतो, मग धावत येऊन चौकटीत बसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्यूटवर होते हे माझं नशीब.

कळफलकाचं प्रकरण जास्त किचकट. ऑल्ट-टॅब दाबलं तर कुठल्या खिडक्या बदलायच्या, इकडच्या की तिकडच्या? क्लायंट खिडकीत असेल तर इकडच्या, फुल स्क्रीन असेल तर तिकडच्या, असा साधारण नियम आहे आणि तो बदलता येतो. पण कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मात्र पलीकडे जाऊच शकत नाही. ती जोडी विंडोज स्वतःसाठी राखून ठेवतं, कुठल्याही प्रोग्रामला ती मध्येच अडवता येत नाही. लॉगिनचा खोटा पडदा दाखवून कुणी पासवर्ड चोरू नये, हा त्यामागचा हेतू. पलीकडे तीच आज्ञा द्यायची तर कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबायचं. ही मला फार आवडलेली गोष्ट. ऑफिसचा पडदा माझ्या यंत्रावर कितीही पसरला तरी तीन कळा अशा आहेत, की त्या दाबल्यावर माझंच यंत्र उत्तर देणार.

देवनागरीचं पाहा. तारेवरून बहुतेक वेळा अक्षर जात नाही, कुठली कळ दाबली तिचा क्रमांक जातो. तिचं अक्षर काय करायचं ते पलीकडचं यंत्र ठरवतं. माझ्याकडे इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असतो, तिकडे इंग्रजी. ‘काम’ लिहायला गेले की ऑफिसच्या खिडकीत के-ई-सी उमटतं. मराठीत एखादं वाक्य लिहून मग खिडकीत गेले आणि भाषा बदलायचं राहिलं, तरी तिथे काही बिघडत नाही. उलट फेरीत मात्र ऑफिसच्या सवयीने पासवर्ड टाकायला जावं आणि माझ्या ब्राउझरमध्ये मराठी चालू असावं, हे नेहमीचं.

सगळ्यात जास्त राजकारण क्लिपबोर्डवर आहे. आमच्याकडे बाहेरून आत कॉपी-पेस्ट चालतं, आतून बाहेर चालत नाही. एखाद्या सहकाऱ्याचा फोन नंबर आतल्या मेलमधून हवा असेल तर तो वाचून हाताने फोनवर टाकायचा. जिथे दोन्ही बाजूंनी चालतं तिथेही क्लिपबोर्ड वाटतो तसा नसतो. पलीकडे कॉपी केलं की इकडे काही येत नाही, फक्त निरोप येतो: माझ्याकडे मजकूर आहे, चित्र आहे, हवं तेव्हा माग. आपण पेस्ट दाबतो तेव्हा खरा माल निघतो. म्हणून कॉपी केल्यावर सेशन तुटलं तर पेस्ट कोरंच राहतं आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. मधेच कॉपी-पेस्ट बंद पडणं हे तर या प्रकारातलं जुनंच दुखणं. विंडोजमध्ये पलीकडच्या बाजूला आरडीपीक्लिप नावाची छोटी प्रोसेस चालू असते, टास्क मॅनेजरमधून ती मारून पुन्हा सुरू केली की गाडी रुळावर येते. आयटीवाले हे सांगत नाहीत, ‘‘साइन आउट करून परत या’’ म्हणतात. तेही बरोबर आहे म्हणा. त्यांना दिवसात असे किती फोन येत असतील.

जोडताना एक डबा उघडतो, त्यात प्रश्न असतात. क्लिपबोर्ड द्यायचा का, प्रिंटर द्यायचा का, मायक्रोफोन, कॅमेरा, ड्राइव्ह? खाली ‘पुन्हा विचारू नका’ ची चौकट. लोक सगळ्यांवर खूण करून, तीही चौकट भरून मोकळे होतात. ड्राइव्हवर खूण केली की माझी अख्खी सी ड्राइव्ह पलीकडच्या यंत्राला जवळजवळ स्वतःची असल्यासारखी दिसते. म्हणजे मघाचा करार एका टिचकीत रद्द. ही काल्पनिक भीती नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इशारा दिला होता, की मिडनाइट ब्लिझर्ड या नावाने ओळखला जाणारा हल्लेखोरांचा गट शंभराहून अधिक संस्थांमधल्या हजारो लोकांना मेलमधून रिमोट डेस्कटॉपची तयार फाइल पाठवतोय. फाइल उघडली की समोरचा माणूस हल्लेखोरांच्या सर्व्हरला जोडला जायचा, आणि त्या फाइलमध्ये ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर सगळं द्यायची सोय आधीच भरलेली. आपण समजतो की आपण दुसऱ्याच्या घरात डोकावतोय, आणि दार आपलंच उघडं. मी ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या खुणा काढून टाकल्या आहेत. क्लिपबोर्ड ठेवलाय, त्याशिवाय दिवस जात नाही.

ऑफिसही आपल्या बाजूने दक्ष आहे. त्यांच्या खिडकीचा स्क्रीनशॉट घेतला तर काळा चौकोन येतो. फोनने पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कसं अडवणार, हा प्रश्न उरतोच. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी पडद्यावर फिकट क्यूआर कोड पसरलेले असतात, फोटो फुटलाच तर कुणाच्या सेशनमधला ते शोधता यावं म्हणून. आमच्याकडे अजून आलेले नाहीत. आले तर मला आवडणार नाहीत, पण तक्रारही करता येणार नाही. मी खुणा काढल्या, ते कोड लावतील.

नवख्याला मी एकच गोष्ट आवर्जून सांगते, ती म्हणजे डिस्कनेक्ट आणि साइन आउट यांतला फरक. खिडकीचं फुलीचं बटण दाबलं की डिस्कनेक्ट होतं. खिडकी जाते, तिकडचं काही जात नाही. अर्धवट लिहिलेला मेल तसाच उघडा राहतो, मोठा रिपोर्ट चालत राहतो, सर्व्हरची मेमरी खाल्ली जाते. संध्याकाळी दुसऱ्या यंत्रावरून जोडलं तर त्याच ओळीवर, त्याच शब्दावर कर्सर लुकलुकत असतो. याचा फायदा केवढा! वीज गेली, नेट गेलं, लॅपटॉप बंद पडला, तरी काम शाबूत. साइन आउट म्हणजे खरा निरोप. त्यात काही ठिकाणी डेस्कटॉप प्रत्येक साइन आउटनंतर मूळ साच्यातून पुन्हा नवा घडवतात, मग दिलेल्या फोल्डरबाहेर ठेवलेल्या फाइली गेल्याच समजायच्या. आमच्या टीममधल्या एका मुलाने आठवड्याचं काम डाउनलोड्समध्ये ठेवलं होतं. सोमवारी डाउनलोड्स स्वच्छ. त्याने आयटीला विचारलं, त्यांनी धोरणाची लिंक पाठवली.

रोज संध्याकाळी मी डिस्कनेक्टच करते, आणि त्याचं थोडं खटकतंही. ऑफिसमधून उठून आलेला माणूस निदान उठून आलेला असतो. इथे मी लॅपटॉपवर काहीतरी वाचत बसलेली असते आणि तिकडे माझ्या नावाने एक डेस्कटॉप चालू असतो, मेल घेत असतो, मी असल्याचं भासवत असतो. काही तासांनी सर्व्हर स्वतःच कंटाळून सेशन संपवतो, अशी मुदत लावलेली असते. ती आमच्याकडे किती आहे ते मी विचारलेलं नाही.

सध्या आयटीने नवीन टूम काढली आहे. पूर्ण डेस्कटॉप द्यायचाच नाही, फक्त हवी ती ॲप्स द्यायची. एक्सेल तिकडच्या सर्व्हरवर चालणार, पण खिडकी माझ्या खिडक्यांमध्ये माझ्याच टास्कबारवर दिसणार, इतरांसारखीच. निळा वॉलपेपर नाही, दुसरा टास्कबार नाही, कडा नाहीत. प्रात्यक्षिकात सगळे खूश झाले, आणि खरंच छान दिसत होतं ते. मला मात्र माझं एक्सेल कुठलं आणि ऑफिसचं कुठलं हे ओळखायला चिन्हाच्या कोपऱ्यातली बारीकशी खूण शोधावी लागली. घरखर्चाचा तक्ता आणि ऑफिसचा अंदाजपत्रकाचा तक्ता एकाच ओळीत शेजारी शेजारी. मी आयटीकडे तिकीट, म्हणजे विनंतीचा फॉर्म, टाकलं: मला जुनाच पूर्ण डेस्कटॉप राहू द्यावा. आयटीच्या मुलाचा फोन आला, ‘‘मॅडम, नवीनमध्ये काही प्रॉब्लेम येतोय का?’’ म्हटलं, प्रॉब्लेम काहीच नाही. तो गोंधळला. फॉर्ममध्ये कारणाचा रकाना सक्तीचा आहे आणि त्यातल्या दिलेल्या पर्यायांत बसेल असं कारण मला सापडलेलं नाही. शेवटी त्यानेच ‘इतर’ निवडलं. तिकीट अजून उघडं आहे.